चिंध्यांच्या बाहुलीची शाळा

ग्वाल्हेर हे नाव ऐकताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे तेथील किल्ला उभा राहतो, तानसेनाची समाधी आठवते, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जी ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजविली तिचे स्मरण होते. त्याच गावच्या एका लहानशा वस्तूची मात्र कोणी फारशी वास्तपुस्त करीत नाही. ती वस्तू म्हणजे हाताने शिवलेली कापडाची बाहुली. 'बत्तोबाईची बाहुली' या नावाने ती ओळखली जाते. अंगात चिंध्या किंवा कापूस भरलेला, डोक्यावर ओढणी, अंगावर गोटा लावलेला घागरा, आणि मुखावर दोऱ्याने वा रंगाने काढलेले नाक-डोळे, असे तिचे रूप. कलावस्तूंच्या दुकानात ती आता शोभेची म्हणून विकली जाते. पण मुळात ती लहान मुलींच्या खेळातून आलेली आहे, आणि त्या खेळात जे शिक्षण दडलेले होते त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायम केली, आणि त्या लष्कराच्या तळाचेच पुढे लश्कर नावाचे शहर झाले. छावणीबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा, आपले सणवार आणि आपली भातुकलीही बरोबर आणली. अक्षय्य तृतीया आली की मराठी घरांत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची सांगता होई, आणि शेजारच्या हिंदी भाषिक घरांतील मुली त्याच दिवशी गुड्डा-गुडियाचे लग्न लावीत. ग्वाल्हेर व बुंदेलखंड या भागांत 'अखती' म्हणून हा दिवस बाहुल्यांच्या लग्नाचाच मानला जातो. (याच मुहूर्तावर पोरवयाच्या मुलामुलींची खरीखुरी लग्नेही लावली जात, आणि कायद्याने बंदी असूनही ती कोठे कोठे चोरून लागतात. लग्ने लागावीत ती बाहुल्यांचीच, एवढे येथे म्हणून आम्ही पुढे जातो.) लग्न लावावयाचे तर नवरा-नवरी हवीत, नवरीला शालू हवा, नवऱ्याला अंगरखा व पागोटे हवे, आणि हे सर्व बाजारातून आणण्याची चाल नव्हती. आजीच्या गाठोड्यातील खणाचा तुकडा, वडिलांच्या जुन्या धोतराचा पदर, कोणाच्या तरी लग्नातील जरीच्या काठाची उरलेली पट्टी, एवढ्यावर मुलींचे दुकान मांडले जाई. सण ठरल्या दिवशी येणार, म्हणून कामही त्या दिवसापर्यंत पुरे झालेच पाहिजे. वेळेचे भान देण्यास याहून चांगले घड्याळ आमच्या पाहण्यात नाही.

आता ही बाहुली शिवताना मुलाच्या हाताला व बुद्धीला काय काय करावे लागते ते पाहा. प्रथम सुईत दोरा ओवावयाचा. मोठ्या माणसाला ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की, तीत काही शिकण्यासारखे आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र दोऱ्याचे टोक ओले करून त्याला पीळ द्यावा लागतो, श्वास रोखून धरावा लागतो, आणि डोळा व बोट यांचा मेळ बसेपर्यंत चारदा-पाचदा हुकावे लागते. पुन्हा पुन्हा ओवण्याचा कंटाळा म्हणून मूल दोरा लांबच लांब घेते. मग त्या दोऱ्याचा गुंता होतो, गाठ बसते, आणि शेवटी तो तोडावाच लागतो. दोरा हातभर असावा हे आजीने शंभरदा सांगून जे पटत नाही ते एका गुंत्याने पटते. लोभ हा शब्दसुद्धा न उच्चारता लोभाचा धडा येथे मिळतो!

पुढची पायरी याहून नाजूक आहे. बाहुलीचे अंग शिवावयाचे ते कापडाच्या सुलट बाजू आत ठेवून, उलट बाजूने. तीन बाजू शिवावयाच्या, चौथ्या बाजूस थोडे तोंड मोकळे ठेवावयाचे, आणि मग सारी पिशवी त्या तोंडातून उलटून बाहेर काढावयाची. जे आज आत आहे ते उद्या बाहेर येणार आहे, जे डावे दिसते ते उलटल्यावर उजवे होणार आहे, याची कल्पना मुलाला आधीच मनात करावी लागते. भूमितीच्या पुस्तकातील कितीतरी आकृत्या घोकूनही जी दृष्टी येत नाही ती येथे दोन वितींच्या चिंधीत येते. पहिल्या खेपेस बहुतेक मुले तोंड ठेवावयास विसरतात, आणि चहूबाजूंनी शिवून बंद झालेली पिशवी हातात घेऊन बसतात. दुसऱ्या खेपेस कोणीही विसरत नाही.

तसेच मापाचे. बाहुलीचा एक हात लांब व दुसरा आखूड झाला तर ते लपत नाही. शिलाईसाठी कडेला बोटभर कापड सोडले नाही तर अंग रोड होते, आणि कापूस भरताना शिवण उसवते. घागऱ्याचा घेर कमरेच्या कितीपट घ्यावा, चुण्या सारख्या कशा पाडाव्यात, हे गणित पाटीवर न मांडता होते, आणि उत्तर चुकले तर ते शिक्षकांना सांगावे लागत नाही, घागराच सांगतो. कापड उभ्या धाग्यावर ओढले तर ताणत नाही, पण उरेब ओढले तर ताणते, हे गुपित ज्या मुलास एकदा बोटांनी कळले त्याला बाहुलीच्या गळ्याची पट्टी उरेब का कापतात हे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

हाताचे शिक्षण आणि बुद्धीचे शिक्षण ही दोन निराळी खाती आहेत असा समज आपल्याकडे फार जुना आहे. या समजाला धक्का देणारी एक हकीकत मारिया माँटेसरी यांनी आपल्या ग्रंथात नमूद करून ठेविली आहे. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली त्यांनी पहिले बालगृह उघडले. ही गोष्ट त्यापूर्वीची, त्या मंदबुद्धी मुलांना शिकवीत असतानाची. अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातात बळ होते, बोटांत काही व्यंग नव्हते. पण सुई कापडात एकदा वरून व एकदा खालून घालून रफू कसा करावा, हे काही केल्या तिला जमेना. माँटेसरीबाईंनी शिवण बाजूला ठेविली, आणि फ्रेबेलच्या पद्धतीप्रमाणे कागदाच्या पट्ट्या एकीखालून एक, एकीवरून एक अशा गुंफून चटई विणण्याचे काम तिला दिले. त्यात ती रमली. काही काळाने पुन्हा सुई हातात दिली तो काय आश्चर्य, रफूचे टाके तिला जमू लागले! हाताला जी हालचाल करावयाची ती प्रत्यक्ष कामाआधीच दुसऱ्या मार्गाने हाताला शिकविता येते, हा सिद्धांत बाईंना या मुलीने शिकविला. त्यांनी तोच पुढे लेखनाला लावला. खरखरीत कागदाची अक्षरे मुलांना बोटांनी गिरविण्यास दिली, आणि मुले लिहू लागली. जगभरच्या बालशाळांतून आज मुले अशी अक्षरे बोटांनी गिरवितात. त्या अक्षरांची वाट सुईच्या नेढ्यातून गेलेली आहे, हे फार थोड्या पालकांस ठाऊक असेल. माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धाचा काळ त्यांनी आपल्याच देशात काढला. असो.

परंतु आमच्या मते शिवणकामाचा सर्वांत मोठा गुण बोटांच्या चपळाईत नाही. तो उसवण्यात आहे. पाटीवरची चूक पुसली की नाहीशी होते आणि तिची आठवणही राहत नाही. वहीतली चूक तांबड्या शाईने खुणावली जाते आणि जन्मभर तशीच राहते. शिवणातली चूक या दोहोंहून वेगळी आहे. ती दिसते, ती आपली आपल्यालाच दिसते, आणि ती टाका-टाका करून मागे जाऊन सोडविता येते. कापडाला न दुखविता दोरा काढावा लागतो. घाईने ओढला तर कापड फाटते आणि मूळ चुकीपेक्षा मोठे संकट उभे राहते. ज्या मुलाने एकदा वाकडी गेलेली टीप शांतपणे उसवून पुन्हा सरळ घातली, त्याला चूक म्हणजे जगबुडी नव्हे हे कळलेले असते. आभाळच फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावणार, अशी म्हण आपल्याकडे आहे. पण लहानपणी आभाळ फाटत नसते, सदरा फाटलेला असतो, आणि त्याला ठिगळ लावता येते.

येथेच वडीलधाऱ्या मंडळींविषयी थोडे स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. मुलीने घातलेले टाके वाकडे पडले की आई म्हणते, "दे इकडे, मी करून देते." शाळेत हस्तकलेची वस्तू द्यावयाची असली की ती रात्री आई शिवते, किंवा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून येते, आणि सकाळी मूल ती गुणांसाठी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवते. बाईंनाही हे कळते, पण त्या सुबक वस्तूलाच अधिक गुण देतात. अशा रीतीने जे मूल आपल्या हाताने वाकडी पण खरी बाहुली करून नेते त्याला कमी गुण मिळतात, आणि ज्याने काहीच केले नाही त्याला शाबासकी! मुलाने यातून शिवण नव्हे, दुसरेच काही शिकले. आम्ही अशा वाकड्या बाहुल्या पाहिल्या आहेत. त्यांचा एक डोळा वर असतो आणि एक खाली, मान कलती असते, पण त्यांच्या धनिणी त्यांना उशाशी घेऊन निजतात. दुकानातली सोनेरी केसांची बाहुली कपाटात उभी असते.

दुसरी गोष्ट मुलग्यांची. सुई ही बायकांची, असे म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूस पाहावे. संत नामदेव शिंपी होते. संत पौल तंबू शिवून पोट भरीत होते. लश्कर शहर ज्या छावणीतून निर्माण झाले तिच्या राहुट्या, घोड्यांची खोगिरे, सरदारांचे अंगरखे आणि त्या प्रसिद्ध शिंदेशाही पगड्या यांतील कितीतरी काम पुरुषांच्याच हातचे होते. चांभार शिवतो, खलाशी शिडे शिवतो, आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तर माणसालाच शिवतो. मग घरात मात्र सदऱ्याचे बटण तुटले की वीस वर्षांचा घोडा आईला हाक मारतो, हे कोणत्या न्यायाने? जपानच्या प्राथमिक शाळांतून पाचव्या इयत्तेपासून मुलगे व मुली या दोघांनाही सुईदोरा हाती धरावा लागतो. फिनलंडने १८६६ सालीच हस्तकलेला शाळेत सक्तीचे स्थान दिले, आणि आज तेथे हा विषय मुलगे व मुली एकत्र शिकतात. पूर्वीच्या ग्वाल्हेरच्या वाड्यांत बाहुलीच्या लग्नात नवऱ्याचे पागोटे बांधण्याचा मान मुलग्यांना मिळे. तेथूनच पुढे त्यांना एखाद्या टाक्यापर्यंत नेणे काही अवघड नाही.

ग्वाल्हेरला कापडाचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. जियाजीराव कॉटन मिल १९२१ साली येथे उभी राहिली, तिच्याभोवती बिर्लानगर वसले, आणि शेकडो घरांची चूल तिच्यावर पेटली. ग्वालियर रेयॉन ही कंपनी १९४७ साली येथेच स्थापन झाली आणि 'ग्वालियर सूटिंग' हे नाव देशभर पसरले. जियाजीराव गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडली. आता कापड कोठून येते, कोण विणतो, कोण शिवतो, हे त्या गिरणी कामगारांच्या नातवंडांनाही दिसत नाही. दिसतो तो तयार झालेला, घडी घातलेला, किंमतीची चिठ्ठी लावलेला सदरा. स्वस्त सदरा दोन धुण्यांत टाकून देणाऱ्या मुलाला एका साध्या हातरुमालाच्या चार कडा हाताने तुरपावयास सांगून पाहा. एका कडेला अर्धी दुपार जाते. चौथी कड संपेपर्यंत त्याच्या मनात आपोआप प्रश्न येतो की, मग या अंगातल्या सदऱ्याला कोणाच्या किती दुपारी लागल्या असतील?

या प्रश्नाची एक काळी बाजूही आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या देशात जरीच्या व भरतकामाच्या कारखान्यांत कोवळी मुले कोंदट खोल्यांतून सकाळपासून रात्रीपर्यंत सुईला जुंपली गेलेली आहेत. त्यांच्या हातातही सुईच होती. पण ती त्यांना काही शिकवीत नव्हती, फक्त त्यांचे डोळे व बालपण खात होती. चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास ठेवणे २०१६ सालच्या कायद्यातील दुरुस्तीने गुन्हा ठरविले आहे. शाळेखेरीजच्या वेळात घरच्या धंद्यात मदत करण्याची सूट मात्र तीत ठेविली आहे, आणि ही पळवाट आम्हांस पसंत नाही. ज्या कामाची घाई मुलाला नसून मालकाला असते, जे चुकल्यास उसवण्याची मुभा नसते, आणि जे संपल्यावर वस्तू मुलाच्या हाती राहत नाही, त्या कामाला कोणी शिक्षण म्हणू नये.

शाळांनी या बाबतीत काय केले? कागदावर पुष्कळ केले. गांधीजींच्या प्रेरणेने १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाचा कणा मानले गेले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे भारदस्त नाव सुचविले. नावे बदलत गेली. बहुतेक शाळांत तो तास परीक्षा जवळ आली की गणिताकडे जाई. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली घालविण्याची योजना आहे. ग्वाल्हेरच्या शाळांना त्यासाठी दूर जावयास नको. बाहुल्या करणाऱ्या बायका गावातच आहेत. प्लास्टिकच्या बाहुलीने त्यांचे गिऱ्हाईक मागे सारले असले तरी त्यांच्या बोटांतले ज्ञान अजून गेलेले नाही. त्यांना शाळेत पाहुण्या म्हणून बोलवावे, मानधन द्यावे, खुर्चीवर नव्हे तर मुलांच्या वर्तुळात सतरंजीवर बसवावे, कारण त्यांचे काम तेथूनच दिसते. त्यांना भाषणही करावयास लावू नये. त्यांनी बाहुली करावी आणि मुलांनी पाहावे.

घरी आरंभ करू इच्छिणाऱ्या आयांनी व आज्यांनी, आणि बापांनी व आजोबांनीही, थोडे व्यवहारातले पाहावे. पाच वर्षांच्या मुलाला सुई देण्याची घाई नको. पुठ्ठ्यावर दाभणाने भोके पाडून त्यांतून बुटाची नाडी ओवू द्यावी. सहा-सात वर्षांस मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई आणि तरटाचा किंवा मॅटीचा तुकडा द्यावा. त्यावर धागे मोजता येतात, म्हणून धावदोरा सरळ येतो. पहिला दोरा कापडाच्या रंगाहून वेगळा असावा, म्हणजे टाके दिसतात. बटण लावणे आठव्या वर्षी सहज जमते, आणि ते बाहुलीपेक्षा स्वतःच्या सदऱ्यावर लावले तर अभिमान अधिक. गुळगुळीत रेशमी कापड मुळीच देऊ नये, ते मोठ्यांच्याही हातून निसटते. जुने सुती धोतर किंवा धुवून मऊ झालेले लुगडे याला तोड नाही. डावखुऱ्या मुलास समोर बसवून शिकवावे, म्हणजे आरशात पाहिल्याप्रमाणे त्याला हालचाल उचलता येते. त्याचा हात बदलण्याचा हट्ट धरू नये.

ज्या घरांतून नाताळचा गोठा मांडला जातो तेथे मेंढपाळ व मेंढरे विकत आणण्याऐवजी एखादे वर्ष मुलांना चिंध्यांची करावयास द्यावीत. मेंढरू हे नवशिक्यासाठी फार सोयीचे. त्याला मान नसली तरी चालते आणि कापूस बाहेर आला तरी शोभतो. यापो गावच्या टबीथेने शिवलेली वस्त्रे तिच्या पश्चात विधवांनी प्रेषित पेत्राला दाखविली, ही गोष्ट त्या वेळी मुलांना सांगता येईल.

दिवसाउजेडी, खिडकीजवळ बसावे. कातर मोठ्यांच्या देखरेखीत राहू द्यावी. आणि काम आवरताना डबीतल्या सुया मोजाव्यात. सहा काढल्या असतील तर सहाच परत ठेवाव्यात, आणि एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणीही सतरंजीवरून उठू नये.